गुडघा बदलल्यावर ऑनलाइन फिजिओथेरपी: तीन महिन्यांचा अनुभव, आणि साडीचं काय करायचं?

काल विमा कंपनीचं पत्र आलं. हॉस्पिटलचं बिल मंजूर, फिजिओथेरपीचे साडेआठ हजार नामंजूर. अ‍ॅपवाल्यांच्या पावतीवर नुसतं ‘प्रीमियम मेंबरशिप’ छापलंय. थेरपिस्टचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांचा खर्च मिळतो, पण तो उपचारांचा. पैसे भरण्याआधी सर्जनची चिठ्ठी घ्या आणि बिलावर काय लिहून मिळणार ते विचारून ठेवा. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही.

सासूबाईंचा उजवा गुडघा मिरजेत बदलला. २०१७ मध्ये सरकारने इम्प्लांटच्या किमतींना लगाम घातला, त्यामुळे ऑपरेशन तरी आवाक्यात आलं. पुढच्या व्यायामाला मात्र कुणाचाच लगाम नाही. गावात घरी येणारा फिजिओ एका वेळचे सहाशे मागत होता, वर पेट्रोल. त्या हिशेबात अ‍ॅप स्वस्त वाटलं. शिवाय कॅनडातला २०१५ चा एक अभ्यास वाचला होता, त्यात व्हिडिओवरून व्यायाम केलेले आणि घरी फिजिओ येणारे पेशंट बरोबरीचे निघाले होते.

पण कॅनडातल्या पेशंटनी साडी नेसलेली नसणार.

या अ‍ॅपची सगळी जाहिरात एकाच गोष्टीवर आहे: फोनचा कॅमेरा गुडघा किती वाकला ते मोजतो आणि व्यायामाची मोजणी आपोआप करतो. पोह्यांच्या डब्याला फोन टेकवून ठेवायचा, पडद्यावर कंबर, गुडघा आणि घोट्यावर हिरवे ठिपके येतात. आमच्याकडे ठिपके आले ते साडीच्या काठावर. सासूबाई टाच सरकवत पाय जवळ ओढतायत, दात-ओठ खातायत, आणि मोजणी चारवर अडकलेली. मग पदर जरा हलला की एकदम नऊ! कस्टमर केअरला लिहिलं तर उत्तर आलं, ‘कृपया शॉर्ट्स किंवा ट्रॅकपँट वापरा.’ अडुसष्ट वर्षांच्या बाईने, घरात पाहुण्यांची रीघ लागलेली असताना, शॉर्ट्स घालायच्या! शेवटी दार लावून, गाऊनखाली नातवाची ट्रॅकपँट, असा तह झाला. तरीही आवाज हिंदीच. ‘घुटना और मोड़िए.’ सासूबाई फोनलाच म्हणायच्या, ‘अगं मोडतीय की बाई, किती मोडू?’ भारतात विकायचं अ‍ॅप, त्यात साडीचा विचार कुणाच्याच डोक्यात येऊ नये? मिरजेला तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी कोन मोजायच्या पट्टीने ११२ अंश सांगितले. त्याच दिवशी सकाळी अ‍ॅपने १२५ दाखवून फटाके उडवले होते.

पहिल्या महिन्यानंतर मी दोन स्टार दिले होते. ते आता साडेतीन केलेत, आणि त्याचं सगळं श्रेय व्हिडिओ कॉलवरच्या फिजिओ मुलीला.

एकदा कॉल संपवताना फोन माझ्या हातात फिरला आणि तिला पलंग दिसला. ‘काकू, गुडघ्याखालची उशी आधी काढा.’ पाय वाकवून ठेवला की बरं वाटतं, म्हणून सासूबाई रात्रभर उशी ठेवत होत्या. तिने समजावलं, की सगळे पाय वाकण्याचे अंश मोजत बसतात, पण गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर चालताना लंगडणं राहतं. उशी गेली, त्याऐवजी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी आली. गुडघा अधांतरी ठेवून मांडी आवळायची आणि गुडघा खाली दाबायचा. पहिले दोन दिवस सासूबाईंनी तिच्या सात पिढ्या काढल्या.

मग मी मुद्दाम तिला घरभर फिरवलं. आमचा दिवाण बुटका, म्हणून तिने प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घालून बसायला सांगितलं. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे तिने आमच्याच उंबऱ्यावर करून घेतलं. क्लिनिकमधल्या फिजिओला आमचा उंबरा कुठून दिसणार?

मात्र तिचे हात इथवर पोचत नाहीत, हेही खरं. मध्येच पोटरी दुखायला लागली. तिने व्यायाम थांबवून त्याच दिवशी हॉस्पिटलला पाठवलं, कारण ऑपरेशननंतर शिरेत गुठळी होऊ शकते आणि ते पडद्यावरून कळत नाही. डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, नॉर्मल आला. पण समोर असती तर पोटरी चाचपून तरी बघितली असती. सुरुवातीला गुडघा ९० अंशांपर्यंत आणतानाही तसंच: किती जोर लावायचा हे व्हिडिओवर मला कळत नव्हतं आणि तिला जाणवत नव्हतं. ते दिवस हाताखालीच काढावेत.

डाव्या गुडघ्याचं दिवाळीनंतर ठरतंय. पहिले दोन आठवडे सहाशेवालाच घरी येईल, मग व्हिडिओ कॉल. सासूबाईंची अट एकच आहे: मुलगी तीच हवी, ‘मोड़िए’वाली नको.