१६ मिमी पॉलिएस्टर दोर, कप्पी आणि ड्रम: १४ महिने ओंडके उतरवल्यानंतर

झाडं वरून तुकड्यातुकड्यानं कापून दोरानं खाली उतरवायच्या कामासाठी हा दोर घेतला त्याला १४ महिने झाले. १६ मिमी जाड, दुहेरी विणीचा (आत विणलेला गाभा, वर विणलेलं आवरण) पॉलिएस्टर, ६० मीटर. लेबलवर तुटण्याचा भार ७ टनांच्या थोडा वर. सोबत मोठी कप्पी, ती खोडाला बांधायची स्लिंग आणि दोराला वेढे घालून आवरायचा ड्रम, जो बुंध्याशी बांधतात. घेताना माझं सगळं लक्ष त्या ७ टनांवर होतं. आज पुन्हा घ्यायला गेलो तर तो आकडा मी शेवटी बघेन.

तेव्हाचा हिशेब सरळ होता. ओंडका २०० किलोचा, दोर ७ टनांचा, तुटतोय कशाला? या हिशेबातली खोट दुसऱ्याच महिन्यात कळली. ५० सेंमी जाड आणि मीटरभर लांब तुकडा होता. ओलं लाकूड पाण्याइतकंच जड धरावं, म्हणजे झाले २०० किलो. नुसतं उभं खोड उरलं की कप्पी कापाच्या खालीच बांधावी लागते, त्यामुळे तुकडा आधी मोकळा पडतो आणि मग दोर त्याला झेलतो. खाली ड्रमवर उभ्या असलेल्या पोरानं घाबरून एक वेढा जास्त घातला होता. वरून ‘सोड रे, सोड!’ अशी हाक येईपर्यंत दोर जागच्या जागी आवळला. दोराला काही झालं नाही. पण तुकडा खोडावर आदळला आणि अख्खं खोड वरच्या माणसासकट वेतासारखं हललं. तो उतरला, बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘दादा, दोर मजबूत आहे हो, पण झाड आहे का तेवढं?’

त्या रात्री कागदावर मांडून बघितलं. २०० किलो मीटरभर मोकळे पडले आणि पाव मीटरमध्ये थांबवले, तर थांबताना सरासरी ताण वजनाच्या पाचपट, म्हणजे टनभर. हा ताण कप्पीच्या दोन्ही बाजूंच्या दोरात असतो, म्हणून स्लिंगवर आणि खोडावर येतो त्याच्या जवळजवळ दुप्पट. तोच तुकडा मीटरभर सरकू देत थांबवला तर दोरातला ताण पाचपटीवरून वजनाच्या दुपटीवर येतो. दोर तोच, ओंडका तोच. फरक फक्त खालच्या माणसाच्या हाताचा.

म्हणून आता ड्रमवर कोण उभा राहणार हे आधी ठरतं, बाकी सगळं नंतर. सकाळी लहान फांद्यांवर वेढ्यांचा अंदाज घेतो, कारण ओला दोर आणि कोरडा दोर सारखा सरकत नाही. ड्रम बुंध्याशीच बांधतो. दोर जितका लांब, तितका तो ताणून झटका पोटात घेतो. खाली सरकू द्यायला जागाच नसेल, छप्पर किंवा कुंपण असेल, तर तुकडे निम्मे करतो. वेळ जातो, जाऊ दे.

दोराच्या जातीबद्दल मात्र मी समाधानी आहे. आधीचा नायलॉनचा दोर झटका छान खायचा, पण ओंडका रबरासारखा वरखाली झोके घ्यायचा आणि भिजला की नायलॉनची ताकद दहा-पंधरा टक्के उतरते. पॉलिएस्टर पावसात तसाच राहतो. पॉलिप्रॉपिलीनचा स्वस्त दोर या कामाला आणूच नका; उन्हानं कुजतो आणि घर्षणानं लवकर वितळतो. डायनिमासारखे धागे वजनाच्या मानानं अचाट मजबूत, पण जवळजवळ ताणतच नाहीत. पडता ओंडका झेलायला तसा दोर म्हणजे साखळीच म्हणा.

भाराचा अंदाज मी दहास एक धरतो: ७ टनांच्या दोरावर ७०० किलो, तेही झटक्यासकट. गाठ मारली की तिसरा हिस्सा ताकद गेली असं समजतो. कप्पीचं चाक दोराच्या जाडीच्या निदान आठपट हवं. आमची पहिली कप्पी लहान होती, तिनं दोर पार मोडून काढला असता. चढायचा दोर वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या पिशवीत. तो ओंडक्याला कधीच नाही, अगदी ‘एकदाच’ म्हणूनही नाही.

आता तक्रारी. पहिल्या काही आठवड्यांत वरचं आवरण सरकून टोकाशी ढिलं गोळा झालं. टोक वितळवून बंद केलेलं होतं, ते कापून आवरण हातानं पुढे ओढत नेऊन मोकळं करावं लागलं. कंपनीनं कागदावर तशी एक ओळ तरी द्यायची. स्लिंगच्या लेबलची शाई तीन महिन्यांत पुसली; आता मीच वहीत नोंद ठेवतो.

पाचव्या महिन्यातली चूक मात्र माझी. कप्पी वर चढवायचा कंटाळा केला आणि दोर सरळ फांदीच्या बेचक्यातून घेतला. संध्याकाळी नेहमीप्रमाणे दोर बोटांतून काढत होतो, तर वीतभर जागा हाताला गुळगुळीत लागली. नखानं टिचकी मारली तर प्लॅस्टिकसारखा आवाज. दोर तिथं वाकवला की वळण गोल येत नव्हतं, कोपरा पडत होता. धागे घर्षणानं वितळून एकमेकांना चिकटले होते. नशीब, ती जागा टोकापासून सात-आठ मीटरवर होती. तिथून कापला. तो तुकडा आता फांद्या ओढायला वापरतो, दोन्ही टोकांना लाल रंग लावून, म्हणजे कुणी चुकून वर नेणार नाही.

उरलेला ५२ मीटर अजून कामावर आहे. आवरणावर बारीक लव आली आहे, ती चालते. गाभ्याचा पांढरा धागा कुठे डोकावला, किंवा हाताला मध्येच पोकळ लागलं, की त्याच दिवशी तोही लाल रंगात जाईल.