एकापेक्षा जास्त ॲम्पसाठी रिमोट वायर: थेट जोडणी, रिले की सिग्नल सेन्सिंग?

गाडीत दारांच्या स्पीकरसाठी चार चॅनेलचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) आधीच बसवलेला आहे, आता वूफरसाठी मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा ॲम्प, येतोय, आणि पुढेमागे तिसराही येईल. अशा वेळी पॉवरची जाड केबल, बॅटरीजवळचा फ्यूज, बॉडी अर्थ यांवर दुकानात भरपूर बोलणं होतं. रिमोटची बारीक वायर मात्र जिथे बारा व्होल्ट मिळतील तिथे खुपसली जाते. ही जोडणी चुकली तर अनेकदा ॲम्पला काही होत नाही, नुकसान होतं ते स्टिरिओचं. म्हणून पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहणं गरजेचं आहे.

ॲम्पची खरी ताकद जाड केबलमधून येते. रिमोट वायर त्याला फक्त ‘चालू हो’ एवढंच सांगते, आणि त्यासाठी साधारण ॲम्प काही मिलिअँपिअर ते काही दहा मिलिअँपिअर करंट घेतो. रिमोट वायर म्हणजे स्टिरिओच्या मागची निळी-पांढरी वायर, आणि तिच्यातून मिळणाऱ्या करंटला मात्र मर्यादा असते. पायोनियरच्या बऱ्याच मॉडेलांच्या पुस्तिकेत ती ३०० मिलिअँपिअर दिलेली आहे. पूर्ण निळी वायर बहुतेक वेळा अँटेनाची असते. तिची मर्यादा त्याहून कमी असू शकते, शिवाय काही स्टिरिओंमध्ये ती फक्त रेडिओ लावल्यावरच जिवंत होते. गाणी ब्लूटूथवर लावली की ॲम्प बंद पडतो, याचं एक कारण हे असू शकतं.

पहिला पर्याय म्हणजे थेट जोडणी: निळी-पांढरी वायर डिक्कीपर्यंत न्यायची आणि तिथून सगळ्या ॲम्पना द्यायची. दोन ॲम्प असतील तर मी हेच सुचवेन. इथे पुष्कळ जण म्हणतात, ‘दोन ॲम्प आहेत ना, मग रिले लावूनच टाका, सेफ राहील.’ रिले म्हणजे छोट्या करंटने कॉइल चालवून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. पण हिशेब करून बघा. हेडलाइट-हॉर्नला वापरतात त्या नेहमीच्या रिलेची कॉइल साधारण ८० ते १०० ओहमची असते, म्हणजे १२ व्होल्टला ती एकटीच १२० ते १५० मिलिअँपिअर खाते. दोन साध्या ॲम्पच्या रिमोटचा भार बहुधा याच्या निम्माही नसतो. म्हणजे स्टिरिओ वाचवायला आणलेला रिलेच त्याच्यावर जास्त ओझं टाकतो.

थेट जोडणीतही दोन तऱ्हा आहेत. एका ॲम्पच्या रिमोट टर्मिनलमधून पुढच्या ॲम्पला उडी द्यायची, किंवा एका जोडापासून प्रत्येकाला स्वतंत्र वायर द्यायची. विजेच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच, स्टिरिओवर बेरजेचाच भार येतो. फरक पडतो तो बिघाड झाल्यावर. उडी दिली असेल आणि पहिल्या ॲम्पचा स्क्रू खड्ड्यांच्या रस्त्यावर ढिला झाला, तर पुढचे सगळे ॲम्प गप्प होतात. स्वतंत्र वायरी असतील तर एकच बंद पडतो आणि दोष कुठे आहे ते लगेच कळतं. पाव ते अर्धा मीटर वायर जास्त लागते, एवढंच. वायर ०.७५ स्क्वेअर एमएमची पुरे. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक घालावा. नुसती इन्सुलेशन टेप उन्हाळ्यात सुटते.

रिले खरोखर लागतो तो भार वाढल्यावर: तीन-चार ॲम्प, किंवा त्याच वायरीवर ॲम्प थंड ठेवणारे पंखे, डिक्कीतले एलईडी. पंखे हा यातला मोठा शत्रू आहे. बारा व्होल्टचा एक पंखा सहज १०० ते २०० मिलिअँपिअर घेतो. तो रिमोट वायरीवर चढवलेला दिसला, तर ॲम्प दोनच असले तरी मी रिलेच लावायला सांगेन.

रिलेची जोडणी सरळ आहे. रिलेच्या पिनांवर क्रमांक असतात: ८६ ला निळी-पांढरी, ८५ बॉडी अर्थला, ३० ला बॅटरीचा बारा व्होल्ट, आणि ८७ वरून सगळे ॲम्प आणि पंखे. ३० च्या वायरीला, जिथून ती घेतली तिथेच, भारानुसार २ ते ३ अँपिअरचा फ्यूज हवाच. रिले डिक्कीत डिस्ट्रिब्यूशन ब्लॉकजवळ (जाड पॉवर केबल जिथे ॲम्पांमध्ये वाटली जाते तिथे) बसवला की डॅशबोर्डापासून एकच बारीक वायर आणावी लागते. कॉइलवर १एन४००७ डायोड लावा, त्याची पट्टी ८६ कडे. रिले सुटताना कॉइलमधून उसळणारा व्होल्टेज तो तिथेच जिरवतो, नाहीतर धक्का स्टिरिओच्या आतल्या ट्रान्झिस्टरला बसतो. डायोड उलटा लागला तर मात्र थेट शॉर्ट होतो, म्हणून जोडण्याआधी दोनदा बघा. स्टिरिओची मर्यादा फारच कमी असेल तर ४०० ओहम कॉइलचा छोटा पीसीबी रिले घ्या. तो ३० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, पण त्याला डबीत नीट पक्कं बसवावं लागतं.

कंपनीचा मूळ स्टिरिओ ठेवायचा असेल तर बहुतेक वेळा ही वायर हाताशी नसतेच. तिथे सिग्नल सेन्सिंगचा, म्हणजे स्पीकर वायरीवरून जागा होणारा ॲम्प उपयोगी. यातही डीसी ऑफसेट ओळखणारा प्रकार मला अधिक भरवशाचा वाटतो. स्टिरिओ चालू झाला की स्पीकर वायरींवर साधारण सहा व्होल्टचा डीसी येतो, गाणं वाजत असो वा नसो, आणि ॲम्प तो ओळखतो. फक्त आवाजावर जागा होणारा ॲम्प गाण्याची सुरुवात कापतो, आणि हळू आवाजात बराच वेळ गेला तर झोपीही जातो. सगळ्या ॲम्पना वेगवेगळं सेन्सिंगवर ठेवू नका, ते मागेपुढे उठतात. एकाला सेन्सिंग द्या, आणि त्याला रिमोट आउट (दुसऱ्या ॲम्पना ‘चालू हो’ सांगणारं टर्मिनल) असेल तर बाकीचे त्यावरून चालवा. डीएसपी (ॲम्पच्या आधी आवाजावर प्रक्रिया करणारा डबा) असेल तर आधी डीएसपी उठू द्या आणि त्याच्या रिमोट आउटवरून ॲम्प चालू करा. चालू होताना स्पीकरमधून येणारा ‘धप्प’ आवाज बहुतेक वेळा तिथेच थांबतो.

रिमोटसाठी फ्यूज बॉक्समधून पहिल्या चावीचा (चावी पहिल्या टप्प्यावर फिरवल्यावर मिळणारा) करंट घेणं सर्वांत स्वस्त, आणि मला सर्वांत नापसंत. स्टिरिओ बंद असला तरी ॲम्प चालूच राहतात, चालू-बंद होतानाचा आवाज स्पीकरमधून येतो, आणि इंजिन बंद ठेवून चावी पहिल्या टप्प्यावर राहिली तर बॅटरी उतरते. स्टिरिओचं रिमोट आउटपुट आधीच जळलेलं असेल तर तात्पुरतं चालेल, तेही मध्ये छोटा स्विच टाकून.

ठरवण्याआधी मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून निळ्या-पांढऱ्या वायरीत सिरीजमध्ये लावा आणि सगळे ॲम्प जोडून आकडा बघा. पुस्तिकेतल्या मर्यादेच्या निम्म्याच्या आत असेल तर थेट जोडा, वर गेला तर रिले. मग ॲम्पच्या रिमोट टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा ते एखाद्या व्होल्टहून जास्त कमी दिसलं, तर आधी जोड तपासा.