मायचा अंगठा लागेना: नंदुरबारच्या आधार केंद्राचा अनुभव

आमच्या मायने तीस वर्षं नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मैदानावर, देठं खुडली. संध्याकाळी घरी आली की हात ताकात बुडवून बसायची, इतकी आग व्हायची. आता तिची बोटांची टोकं पार गुळगुळीत झालीत.

श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपये तिच्या खात्यात येतात. गावातल्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या प्रतिनिधीकडे, अंगठा लावला की हातात पडायचे. होळीनंतर अंगठा लागेनासा झाला. शाखेत जाऊन स्लिप भरावी तर तिचा आणि माझा अख्खा दिवस मोडतो. बँक मित्राच्या मशीनवर तीनदा अंगठा दाबायचा, तीनदा नकार, की तो पोरगा पुढच्याला हाक मारणार. खातं मायचं, माय समोर उभी, आणि मशीन म्हणतं ही ती नव्हे. परतताना ती म्हणाली, "भाऊ, मना आंगठाज मना नही का?" माझा अंगठाच माझा नाही का? त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, 29 सप्टेंबर 2010 ला. मायचंही त्यानंतर थोड्याच दिवसांत निघालं. म्हणजे मशीन तिचे आजचे ठसे तेव्हाच्या ठशांशी ताडून बघत होतं, आणि मधल्या काळात पथारी काही थांबली नव्हती. हे मला नंदुरबारच्या केंद्रावरच्या मुलीने समजावलं.

ठसे नव्याने घेताना तिने घाई केली नाही. आधी मायला बसवलं, हात पुसायला ओला रुमाल दिला, मग कोरडा. काचेवर बोट टेकवताना स्वतःचा तळवा वरून अलगद ठेवला, "मावशी, दाबू नका, नुसतं टेकवा." दहाही बोटं घेतली, दोन्ही डोळ्यांची बुबुळं घेतली, फोटो काढला. अंगठे दोन्ही कच्चे निघाले. उजव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका मात्र स्पष्ट उमटली. पावतीच्या मागे तिने पेनाने लिहून दिलं: "बँकेत हे बोट लावा." फलकावर लिहिली होती तेवढीच फी घेतली.

उणिवा आहेत. मशीन एकच. साडेबाराला सर्व्हर गेला तो दोनला आला, तोवर म्हाताऱ्या माणसांना बसायला बाक नाही, लोक पायऱ्यांवर. टोकन सकाळीच संपतात; नऊच्या आत पोहोचा, मोबाइल आधारला जोडलेला असेल तर सोबत ठेवा, आणि पाण्याची बाटली घ्या.

नोंद अपडेट झाल्यावर आम्ही पुन्हा बँक मित्राकडे गेलो. त्याने सवयीने मायचा अंगठा धरला. तिने हात सोडवून घेतला, अनामिका पुढे केली. पहिल्याच खेपेला हिरवा दिवा लागला. त्या पोराने इतके दिवस एकदाही दुसरं बोट लावून पाहिलं नव्हतं. ती पावती मायने घडी करून बटव्यात, सुपारीच्या डबीखाली ठेवली आहे.