बदली वायपर मोटर आणि वॉशर पंप: सहा महिन्यांच्या वापरानंतर

गाडीच्या पुढच्या काचेवरचे वायपर चालतात की नाही हे लगेच कळते. ते जागेवर जाऊन थांबतात की नाही, याकडे मात्र बिघाड होईपर्यंत सहसा कोणाचे लक्ष जात नाही. माझ्या गाडीचे वायपर स्विच बंद करताक्षणी जिथे असतील तिथेच, बहुतेक वेळा नेमके डोळ्यांसमोर, अडून राहू लागले. त्या वेळी मी गिअरबॉक्ससह मिळणारी बदली वायपर मोटर, वॉशरचा पंप आणि पाणी मागे न जाऊ देणारा एक छोटा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असा एकत्र संच घेतला आणि स्वतःच बसवला. हा संच सहा महिने वापरून, त्यातले बरेचसे दिवस पावसात गाडी चालवून, मी हा अभिप्राय लिहीत आहे.

मोटर बदलण्याआधी दोष मोटरमध्येच आहे याची खात्री करणे आवश्यक होते, कारण याच लक्षणासाठी स्विच, रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) आणि मोटर अशा तिन्ही वस्तू एकामागून एक बदलून पाहणारे लोक मला माहीत आहेत. वायपर बंद केल्यावर मोटरचा पुरवठा लगेच तुटत नाही. गिअरबॉक्सच्या आतल्या दातेरी चाकावर तांब्याची एक चकती असते आणि तिच्यावर स्प्रिंगसारख्या लवचीक पट्ट्या घासत असतात. वायपर आपल्या विसाव्याच्या जागी पोहोचेपर्यंत या पट्ट्यांमार्फत मोटरला पुरवठा मिळत राहतो आणि ती कमी वेगाने फिरत राहते. यालाच पार्किंग स्विच म्हणतात. माझ्या मोटरच्या कपलरवर, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लगवर, मल्टिमीटर लावल्यावर पार्किंगच्या पुरवठ्याच्या तारेत १२.४ व्होल्ट मिळत होते, पण वायपर मध्ये अडकलेले असताना पार्किंग स्विचकडून परत येणाऱ्या तारेत शून्य होते. म्हणजे फ्यूज आणि वायरिंग ठीक होते, पट्टी मात्र चकतीला टेकत नव्हती. जुनी मोटर उघडल्यावर ती पट्टी झिजून कागदासारखी पातळ झालेली दिसली.

नव्या मोटरच्या बांधणीबद्दल प्रथमदर्शनी तक्रार करण्यासारखे काही नाही. कायमचुंबकाची ही साधी डीसी मोटर असून तिला तीन कार्बन ब्रश आहेत. त्यांपैकी दोन एकमेकांच्या बरोबर समोर आहेत. त्यांच्यातून वीज गेली की मोटर कमी वेगाने चालते. तिसरा ब्रश थोडा तिरकस बसवलेला असतो, त्यामुळे त्याच्यामार्फत वीज दिली की आर्मेचरचे, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरच्या तारेचे, कमी वेढे कामी येतात, उलट दिशेने निर्माण होणारा विजेचा दाब (व्होल्टेज) त्याच वेगाला कमी भरतो आणि तो दाब पुरा पडेपर्यंत मोटरला जास्त वेगाने फिरावे लागते. वेग वाढवण्याची ही युक्ती मला नेहमीच देखणी वाटत आली आहे, कारण तिच्यासाठी वीज खाणारा वेगळा रेझिस्टर लागत नाही. इंजिन चालू ठेवून ओल्या काचेवर मी घड्याळ लावून मोजले, तेव्हा कमी वेगात मिनिटाला ४४ आणि जास्त वेगात ६४ फेऱ्या झाल्या. जाणे आणि येणे मिळून एक फेरी धरली आहे. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानक क्रमांक १०४ नुसार एक वेग मिनिटाला किमान ४५ फेऱ्यांचा असावा लागतो, सर्वांत जास्त वेग आणि एक कमी वेग यांत किमान १५ फेऱ्यांचा फरक लागतो आणि तो कमी वेग २० फेऱ्यांच्या खाली जाऊन चालत नाही. त्या कसोटीवर ही मोटर सहज उतरते. कोरड्या होत आलेल्या काचेवरही ती दमल्यासारखी वाटली नाही आणि आवाज जुन्या मोटरपेक्षा कमी आहे.

बसवताना मात्र सोबतच्या माहितीपत्रकाने निराशा केली. त्यावर नटांची चित्रे आहेत, पण सर्वांत महत्त्वाची सूचनाच नाही. मोटरच्या दांड्यावर क्रँक (वायपरची जोडणी हलवणारा छोटा हात) कसण्यापूर्वी मोटरला गाडीचा कपलर जोडून, वायपर एकदा चालू करून बंद करायचा असतो, म्हणजे मोटर स्वतःच पार्किंगच्या स्थितीत येऊन थांबते आणि मगच क्रँक जुन्या खुणेवर बसवता येतो. माझ्या हाती आलेली मोटर खोक्यातून त्या स्थितीत आलेली नव्हती. क्रँक तसाच कसला असता, तर बंद केल्यावर वायपर भलत्याच कोनात थांबले असते किंवा काचेच्या कडेच्या खांबावर आपटले असते. ज्याने हे काम पूर्वी केले आहे त्याला हे ठाऊक असते. पण असा माणूस माहितीपत्रक वाचतोच कशाला?

खरी अडचण तिसऱ्या आठवड्यात समोर आली. काच पूर्ण ओली असताना स्विच बंद केला की वायपर खाली येत, पण थांबण्याऐवजी आणखी एक पूर्ण फेरी मारून मग थांबत, कधी तर दोन फेऱ्या मारत. पाऊस ओसरून काच थोडी सुकली की हेच वायपर शहाण्यासारखे पहिल्याच वेळी थांबत. हा फरकच दोषाकडे बोट दाखवत होता. वायपर जागेवर आला की पार्किंग स्विच केवळ पुरवठा तोडत नाही, तर तीच तार अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, जोडतो. त्यामुळे आर्मेचरची दोन्ही टोके एकमेकांना जोडली जातात, गतीत असलेली मोटर क्षणभर जनित्रासारखी वागते आणि स्वतःच्याच विजेने स्वतःला रोखते. हा विजेचा ब्रेक कमजोर असेल तर मोटर गतीच्या भरात चकतीवरची खाच ओलांडून पुढे जाते, तिला पुन्हा पुरवठा मिळतो आणि नवी फेरी सुरू होते. कोरडसर काचेवर रबराचे घर्षण या कमजोरीवर पांघरूण घालते, ओल्या काचेवर ते शक्य होत नाही.

मोटर पार्किंगच्या स्थितीत असताना तिचा कपलर काढून पार्किंगच्या टोकापासून अर्थपर्यंतचा रोध मोजला, तर तो ३ ओहम निघाला. इथे तो जवळजवळ शून्य हवा. आर्मेचरचा स्वतःचा रोध एक ओहमहूनही कमी असतो, तेव्हा वाटेत आणखी ३ ओहम आले की ब्रेकचा जोर उरतोच किती? झाकणाचे स्क्रू काढून आत पाहिले, तेव्हा दातेरी चाकासाठी भरलेले घट्ट पिवळसर ग्रीस तांब्याच्या चकतीवरही थापलेले होते आणि पट्ट्या त्यावर अक्षरशः तरंगत होत्या. चकती कोरड्या सुती फडक्याने पुसली, पट्ट्यांची टोके स्वच्छ केली, ग्रीस फक्त दात्यांपुरते ठेवले आणि पुन्हा मोजले, तर मीटर ०.१ ओहम दाखवू लागला. त्यानंतर आजवर एकही जादा फेरी झालेली नाही. चूक लहान होती, पण ती कारखान्यातून निघतानाच दिसायला हवी होती, कारण मोटर ओल्या काचेवर पाच वेळा चालू-बंद केली असती तरी ती उघडी पडली असती.

थांबून थांबून चालण्याच्या पद्धतीत या मोटरने काहीही त्रास दिला नाही. गाडीतला जुना रिलेच कायम ठेवला आहे. ठरावीक वेळाने तो मोटरला एक छोटा धक्का देतो आणि उरलेली फेरी पार्किंग स्विच पूर्ण करतो, म्हणजे इथेही भार शेवटी त्याच चकतीवर येतो. अमेरिकी संशोधक रॉबर्ट कर्न्स यांनी १९६४ साली थांबून थांबून चालणाऱ्या ज्या इलेक्ट्रॉनिक वायपरसाठी पेटंटचा अर्ज केला, त्यात कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरण्याच्या वेळेवर मध्यंतर ठरत असे. माझ्या रिलेतही कपॅसिटरच वेळ मोजतो, आणि वॉशरचा स्विच सोडल्यावर काच पुसणाऱ्या दोन-तीन जादा फेऱ्याही त्याच्यामुळेच मिळतात.

वॉशरचा पंप हा या संचातला सर्वांत चांगला भाग आहे. टाकीच्या तळाशी रबरी बुशमध्ये तो घट्ट बसला आणि एक थेंबही गळला नाही. लहानशा पंख्याने पाणी फेकणारा हा पंप स्वतःहून पाणी ओढून घेऊ शकत नाही, म्हणून त्याची जागा नेहमी पाण्याच्या पातळीखाली असते. टाकी रिकामी असताना स्विच दाबून धरला तर तो कोरडा फिरून जळू शकतो, हे अशा कोणत्याही पंपाबाबत खरे आहे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे नळीतले पाणी परत टाकीत उतरत नाही, त्यामुळे पूर्वी स्विच दाबल्यावर दीड-दोन सेकंद वाट पाहावी लागे, ती आता लागत नाही. फक्त पंपाच्या कपलरला पाणी अडवणारे रबर नाही. तिथे हिरवट गंज धरेल असे वाटल्याने मी डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारे) ग्रीस लावून ठेवले आहे.

साधा स्विच आणि वेगळा रिले असलेल्या जुन्या पद्धतीच्या गाडीसाठी हा संच घेण्यास हरकत नाही. ज्या गाडीत पावसाचा सेन्सर आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूल (गाडीतली विजेची उपकरणे सांभाळणारा छोटा संगणक) मोटरला तारेवरून आज्ञा पाठवतात, तिथे मोटरच्या आतच इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. तिथे ही मोटर भोकांवर बसली तरी चालणार नाही. घेतल्यास क्रँक लावण्याआधीच, मोटर पार्किंगच्या स्थितीत आणून, पार्किंगच्या टोकापासून अर्थपर्यंतचा रोध मोजून पाहावा. तो एक ओहमच्या जवळपास किंवा वर आला, तर संच तसाच परत करणे सोयीचे पडेल, कारण हमीपत्रात बारीक अक्षरांत लिहिले आहे की गिअरबॉक्सचे झाकण उघडल्यास हमी रद्द होते, आणि माझी हमी तिसऱ्या आठवड्यातच संपली.