पिंग जी४२५ आयर्न: चुकलं तरी सांभाळून घेतात

बेळगावात पावसाळा संपला की मी परत गोल्फ खेळायला लागतो, हँडिकॅप २४ (हा आकडा जितका जास्त तितका खेळ कच्चा), म्हणजे किती बरा खेळतो ते समजा. आधी एका दोस्ताकडनं जुने ब्लेड, म्हणजे भरीव सपाट पाठीचे आयर्न (धातूच्या डोक्याचे क्लब) घेतलेले, दिसायला एकदम सुरीसारखे पातळ, पण बॉल जरा टोकाकडं लागला की हातात अशी झिणझिणी यायची की काय सांगू, आणि बॉल जाऊन पडायचा समोरच्या झुडपात. शेवटी पिंग कंपनीचे सेकंड हँड जी४२५ घेतले. मागनं पोकळ, वजन सगळं कडंला वाटलेलं, त्यामुळं मधे नाही लागला तरी फेस (बॉलला लागणारी बाजू) फार फिरत नाही, बॉल थोडा कमी जातो पण सरळ जातो की ओ! सोल, म्हणजे क्लबचा तळ, रुंद आहे, मागं लाल मातीत क्लब रुतायचा तो आता घसरून पुढं जातोय. एप्रिलात जमीन दगडासारखी होते तेव्हा मात्र हाच सोल आपटून उडतो, मग बॉलच्या डोक्यावरच बसतो. आणि सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट (फेसचा तिरकेपणा) ३० डिग्री, जुन्या सेटात ३४ असायचा, फेस जितका उभा तितका बॉल लांब, म्हणून लांब गेला की लगेच फुगू नका, मी फुगलेलो. पिचिंग वेज (जवळच्या फटक्याचा क्लब) ४४.५ डिग्रीचा, त्यामुळं अजून जवळच्या फटक्याला ५० च्या आसपासचा एक वेज वेगळा घ्यावाच लागतोय, तो खर्च धरून चाला. घरी अजून सांगितलेलं नाही. शाफ्ट (क्लबची दांडी) मात्र आधी मारून बघा, मी स्टील सोडून ग्रॅफाइट घेतला, कोपर दुखायचं बरंच कमी झालंय.