टॅक्सी-ब्रूस: अंतानानारिव्होपासून तोलियारापर्यंतच्या सेवेचं परीक्षण

मादागास्करमध्ये एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणाऱ्या सर्वसामान्य माणसाचं वाहन म्हणजे टॅक्सी-ब्रूस. ‘ब्रूस’ म्हणजे फ्रेंचमध्ये रान, झाडोरा. प्रत्यक्षात ती पंधरा ते अठरा माणसं बसतील अशी मिनीबस असते. मर्सिडीज स्प्रिंटर सगळ्यात जास्त दिसतात, काही जुन्या टोयोटा आणि माझदाही. इथे परीक्षण आहे ते राष्ट्रीय मार्ग ७ वरच्या सेवेचं. राजधानी अंतानानारिव्होहून, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘ताना’हून, नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या तोलियारापर्यंत हा रस्ता सुमारे ९४० किलोमीटरचा आहे. निकाल आधीच सांगून टाकायचा तर, दिवसा आणि टप्प्याटप्प्यानं केलात तर हा प्रवास उत्तम. एका दमात, रात्र गाडीत काढून केलात तर अंगही मोडतं आणि देशही दिसत नाही.

वेळापत्रकावर विसंबू नये. तिकिटावर सकाळी सातची वेळ लिहिली, तरी गाडी हलते ती शेवटची जागा विकली गेल्यावर. यात कुणाचा आळस नाही, हिशेब आहे: मालकाची कमाई भरलेल्या जागांवर असते आणि रिकामी जागा घेऊन निघालं तर पुढे ती भरेल याची खात्री नसते. गाड्या सहकारी संस्थांच्या छत्राखाली चालतात. परवाने सरकारची भूवाहतूक संस्था देते, आणि त्यात लांब पल्ल्याचे ‘राष्ट्रीय’ व जवळच्या पल्ल्याचे ‘प्रादेशिक’ असे दोन प्रकार आहेत. हा फरक प्रवाशाच्या कामाचा आहे. तानाहून अंत्सिराबेला जायचं असेल तर अंत्सिराबेचीच गाडी घ्या, ती लवकर भरते. तोलियाराच्या गाडीत अंत्सिराबेपुरतं बसायला गेलात तर पुष्कळदा पूर्ण पल्ल्याचं भाडं सांगतात, कारण तुमची जागा पुढे रिकामी जाणार असते.

तिकीट आदल्या दिवशी काढावं. खिडकीवर एका वहीत गाडीच्या जागांचा आराखडा असतो, त्यात आपल्या चौकटीत नाव लिहून घ्यायचं आणि हाती मिळालेल्या चिठ्ठीवर जागेचा आकडा आहे ना ते तिथेच बघायचं. तानात एकच स्थानक नाही. दक्षिणेच्या गाड्या वर्षानुवर्षं फासान्नी काराना इथून सुटत आल्या; या नावाचा अर्थ काराना लोकांची, म्हणजे तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांची, दफनभूमी. पण स्थानकांच्या जागा बदलत असतात, म्हणून गाडी नेमकी कुठून सुटणार हे तिकीट घेतानाच विचारून घ्यावं. पत्ता चुकला तर शहरातल्या कोंडीत दोन तास सहज जातात.

जागेची निवड हा या सेवेतला सगळ्यात मोठा फरक. चालकाशेजारच्या दोन जागांपैकी दाराकडची उत्तम. मधल्या जागेत गिअरचा दांडा गुडघ्याला लागतो. चालकामागची पहिली रांग त्याखालोखाल, तिथे पाय लांब करता येतात. शेवटची रांग टाळाच: ती मागच्या चाकांच्याही पलीकडे लटकते, आणि खड्डा आला की माणूस आसनावरून उचलला जातो. मधल्या वाटेवर उघडमिटीची आसनं असतात. त्यांवर बसणाऱ्याला पाठीला आधार कमी आणि प्रत्येक थांब्यावर उठून वाट द्यायची. आता उन्हाचा विचार. मादागास्करमध्ये वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते, आणि हा रस्ता दक्षिणेकडे, थोडा पश्चिमेला कलत जातो. सकाळी ऊन डाव्या खिडकीतून येतं, दुपारनंतर उजव्या. सकाळी निघून दुपारपर्यंत पोहोचायचं असेल तर उजवीकडची जागा मागा.

पहिला टप्पा अंत्सिराबेचा, सुमारे १७० किलोमीटर, चार-पाच तास. बेटाचा कणा म्हणजे मध्यभागाचं उंच पठार. ते पूर्व किनाऱ्याकडे एकदम तुटतं आणि पश्चिमेला सावकाश उतरतं. हा रस्ता त्या कण्यावरूनच जातो. ताना सुमारे १,२८० मीटरवर, अंत्सिराबे १,५०० मीटरच्या आसपास. तिथे जून ते ऑगस्ट पहाटे तापमान शून्याजवळ येतं, म्हणून स्वेटर टपावरच्या पिशवीत टाकू नका, अंगाशी ठेवा. उष्ण कटिबंधातलं बेट म्हणून पातळ कपड्यांत आलेले प्रवासी याच टप्प्यात कुडकुडतात. दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं आणि लाल विटांची दुमजली घरं दिसतात. पुढे अंबोसित्रा, आणि तानापासून सुमारे ४१० किलोमीटरवर बेत्सिलेओ लोकांचं मुख्य शहर फियानारांत्सोआ. एवढं अंतर एका दिवसात जमतं, पण त्यापुढे जाण्याचा हट्ट धरू नये.

इथवर गाड्या भराभर मिळतात आणि पुढे मिळत नाहीत, याचं कारण लोकसंख्येत आहे. १९९३ च्या जनगणनेत देशात सुमारे १ कोटी २२ लाख माणसं होती. पुढची जनगणना थेट २०१८ मध्ये झाली आणि आकडा निघाला २ कोटी ५७ लाखांच्या आसपास. ५ लाख ८७ हजार चौरस किलोमीटरच्या बेटाला ही संख्या फार नाही, पण ती सारखी पसरलेली नाही. ताना ज्या आनालामांगा प्रदेशात आहे तिथे त्या वेळी ३६ लाख लोक होते. इहोसी ज्याचं मुख्य ठिकाण आहे तो इहोरोंबे प्रदेश क्षेत्रफळानं मोठा असूनही तिथे चार लाखांच्या थोडे वर. फियानारांत्सोआच्या दक्षिणेला गाडी भरायला तीन-चार तास लागतात ते यामुळे.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इहोसीच्या पुढच्या रानोहिरा गावात. इसालो राष्ट्रीय उद्यान बघायला तिथे सगळेच उतरतात, पण चढायला गाडी नसते: तानाहून आणि फियानारांत्सोआहून येणाऱ्या गाड्या आधीच भरलेल्या. हात दाखवला की आतून ‘फेनो’, म्हणजे भरली, एवढंच ऐकू येतं. यावर खात्रीचे उपाय दोनच. फियानारांत्सोआच्या सहकारी संस्थेत आधी सांगून, पूर्ण पल्ल्याचे पैसे भरून जागा राखून घेणं. नाहीतर सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या इलाकाकाला जाऊन तिथून गाडी धरणं. इलाकाका म्हणजे १९९८ मध्ये नीलम सापडल्यावर वाढलेलं गाव, तिथे माणसांची ये-जा सतत असते. मात्र तिथे संध्याकाळनंतर रेंगाळू नये.

इहोसीच्या पुढचा गवताळ मुलूख गुरं पळवणाऱ्या सशस्त्र टोळ्यांसाठी, ज्यांना ‘दाहालो’ म्हणतात, ओळखला जातो. वातावरण बिघडलेलं असेल तेव्हा जांदार्म, म्हणजे लष्करी धाटणीचे पोलीस, गाड्यांना थांबवून, त्यांचा तांडा करून पुढे सोडतात. रात्रीची गाडी टाळण्याचं हे पहिलं कारण. दुसरं, बिनदिव्याच्या बैलगाड्या आणि रस्त्यावर आलेले झेबू, म्हणजे तिथली वशिंडाची गुरं.

वाटेत तपासणी नाकी पुष्कळ लागतात. प्रवाशांच्या नावांची यादी चालकाजवळ असते, म्हणून तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच लिहून घ्यावं, आणि मूळ पासपोर्ट अंगावर हवा. या रस्त्यावर तुम्ही सहा प्रदेश ओलांडता. २००४ मध्ये देशाचे असे २२ प्रदेश केले, २०२१ मध्ये आग्नेय किनाऱ्यावरच्या एकाचे दोन झाले. लोक मात्र अजून जुन्या सहा प्रांतांच्या हिशेबानं बोलतात, आणि गाडीच्या पाटीवर तानाचा ‘टी’ नि फियानारांत्सोआचा ‘एफ’ दिसतो. राजकारण तापलं की रस्त्याला लगेच झळ लागते. २००२ च्या सत्तासंघर्षात राजधानीची रसद तोडायला पूल उडवले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये पाणी आणि विजेवरून पेटलेल्या आंदोलनानंतर लष्करानं सत्ता हाती घेतली. निघण्याआधी ताज्या बातम्या बघणं हा तयारीचाच भाग समजा.

सामान टपावर जातं, ताडपत्रीखाली, तांदळाच्या पोत्यांच्या आणि कोंबड्यांच्या शेजारी. पिशवी आधी जाड प्लास्टिकच्या गोणीत घाला, नाहीतर लाल धूळ कपड्यांच्या घडीघडीत शिरते. जेवणाचा थांबा ‘होतेली’वर, वीस-तीस मिनिटांचा. नाव हॉटेलसारखं असलं तरी ही खानावळ. भाताचा डोंगर आणि सोबत थोडं ‘लाओका’, म्हणजे मांस, शेंगा किंवा कुटलेला कसाव्याचा पाला. उतरल्याबरोबर सांगा, चालकाचं जेवण झालं की गाडी निघते. प्यायला रानोवोला, भाताच्या करपलेल्या खरपुडीत उकळलेलं पाणी. उकळलेलं असल्यामुळे साध्या पाण्यापेक्षा बरं.

पैशांत एक फसगत हमखास होते. चलन आरियारी आहे, पण वयस्क माणसं अजून जुन्या फ्रँकमध्ये भाव सांगतात, आणि पाच फ्रँकचा एक आरियारी. आकडा अवाच्या सवा वाटला तर आधी विचारा, ‘आरियारी?’ बहुतेक वेळा समोरचा पाचानं भागून सांगतो.

नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ. रस्ता शेवटपर्यंत डांबरी असला तरी पावसानं खड्डे मोठे होतात आणि ते वेळेवर बुजतीलच असं नाही. वर दिलेल्या तासांत तेव्हा निम्मे आणखी मिळवा. तोलियाराचा टप्पा इलाकाकाहून सकाळी लवकर सुरू करा: सुमारे दोनशे किलोमीटर, पठार संपून काटेरी झुडपं आणि गुबगुबीत खोडांची झाडं लागतात, अंगातला स्वेटर निघतो, आणि दुपारच्या आत समुद्र दिसतो.