एनपीटेलचा १२ आठवड्यांचा कोर्स: टेलिग्रामवाली उत्तरं वापरू नका रे

मेकॅनिकलला आहे, एनपीटेलचे दोन कोर्स झालेत, तर ज्युनियर सारखे विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो.

एनपीटेल म्हणजे इंजिनिअरिंग वगैरेचे ऑनलाइन कोर्स, २००३ पासून आयआयट्या आणि बंगलोरची आयआयएससी मिळून हे चालवतायत. लेक्चर, असाइनमेंट सगळं फुकट, फक्त सर्टिफिकेट पाहिजे असेल तर परीक्षेची फी भरायची, मी भरली तेव्हा १००० होती. परीक्षा घरून नाही, सेंटरवर जाऊन तीन तास कॉम्प्युटरसमोर.

मार्कांचं गणित नीट समजून घ्या. असाइनमेंटचे २५, त्यात १२ पैकी बेस्ट ८ धरतात, आणि परीक्षेचे ७५. मी पहिल्यांदा फ्लुइड मेकॅनिक्स घेतलं आणि दर बुधवारी रात्री साडेअकराला टेलिग्रामवरून उत्तरं उचलून टिकमार्क करत बसलो, लेक्चर एक धड बघितलं नाही. असाइनमेंटला २४ पडले, परीक्षेत ३१. पास व्हायला ३० लागतात, म्हणजे काठावर! आणि गंमत म्हणजे सर्टिफिकेटवर दोन्ही आकडे वेगवेगळे छापून येतात, इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूला समोरच्या सरांनी ते बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसले. काही बोलले पण नाहीत.

दुसऱ्या वेळी हीट ट्रान्सफर. ह्यावेळी वही घेऊन बसलो. आमच्या कॉलेजात फिनचा (उष्णता हवेत सोडायला बाहेर काढलेली धातूची पातळ पट्टी) फॉर्म्युला थेट फळ्यावर लिहून 'पाठ करा' म्हणाले होते, इथे सरांनी फिनचा एक छोटा तुकडा घेतला, आत येणारी उष्णता, बाहेर जाणारी, बाजूने हवेत सुटणारी, आणि त्यातून समीकरण उभं केलं. मी मागे नेऊन चारदा बघितलं. वर्गात चारदा कोण सांगणारे? इंग्रजी पटापट झेपत नसेल तर बऱ्याच कोर्सचं मराठी भाषांतर पीडीएफमध्ये मिळतं, ते आधी शोधा.

प्रॅक्टिकलचं मात्र ह्यातून होत नाही, अपेक्षाच ठेवू नका. पंप प्रायमिंग न करता, म्हणजे आत आधी पाणी न भरता, चालू केला की काय होतं ते मला लॅबमधल्या मामांनी शिव्या घालून शिकवलं.

हीट ट्रान्सफरला असाइनमेंट आणि परीक्षा मिळून ७८ आले, सर्टिफिकेटवर एलिट प्लस सिल्व्हर दर्जा. जुलैच्या बॅचला कोणी घेणार असेल तर माझी वही झेरॉक्सला देतो, अक्षर घाण आहे, आधीच सांगतो.